चार धुरे आणि एक कर्ण

काही वर्षांपूर्वी अंबड तालुक्यातल्या एका गावी गणिताच्या शिबिरासाठी आम्ही गेलो होतो. दुपारच्या सुट्टीत एका विद्यार्थ्याचे वडील वहीचा कागद घेऊन आले. कागदावर चार आकडे होते आणि चारही सारखेच : १६५, १६५, १६५, १६५. दोघा भावांनी वडिलोपार्जित जमीन वाटून घेतली होती. थोरल्याकडे विहिरीजवळचा सरळ चौकोनी तुकडा गेला, धाकट्याकडे ओढ्याच्या कडेने गेलेला तिरका. दोघांनी मिळून टेपने चारी बाजूंचे धुरे मोजले (बांधाला या भागात धुरा म्हणतात). दोन्ही तुकड्यांचा प्रत्येक धुरा १६५ फुटांचा. तुकडा तिरका आहे हे सगळ्यांना दिसत होते. पण तिरका असला म्हणून काय झाले, धुरे तर सारखे आहेत, असे म्हणून पंचांनीही वाटणी मान्य केली.

पुढे पावसाळा आला, सोयाबीन पेरले. एकरी तीस किलोच्या हिशेबाने दोघांनी सारखेच बियाणे आणले. थोरल्याचे पुरले आणि संपले. धाकट्याचे तीन किलो उरले. पहिल्या वर्षी तिफणीला दोष दिला. दुसऱ्या वर्षी थोरल्याचीच तिफण मागून आणली, तरी उरले. "गुरुजी, चारी धुरे सारखे, मग बियाणं उरतंय कसं?" असा त्यांचा प्रश्न होता. कागद घेऊन आलेले गृहस्थ म्हणजे धाकटे बंधू, हे सांगायला नकोच.

त्यांचा हिशेब आधी पाहू. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन सरासऱ्यांचा गुणाकार करायचा. १६५ गुणिले १६५ म्हणजे २७,२२५ चौरस फूट. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, अर्थात १,०८९ चौरस फूट. भागाकार बरोबर २५ येतो. म्हणून दोघांना पंचवीस-पंचवीस गुंठे.

या रीतीला कोणी अडाणी म्हणू नये. तिचे कूळ फार जुने आणि प्रतिष्ठित आहे. इजिप्तमध्ये एडफू येथे होरस देवाचे मोठे मंदिर आहे. त्याच्या भिंतींवर देवस्थानाच्या जमिनींची यादी कोरलेली आहे आणि तिथली क्षेत्रफळे याच सरासरीच्या रीतीने काढलेली आहेत. शेत त्रिकोणी असेल तर चौथी बाजू ‘काही नाही’ असे धरून तोच हिशेब केला आहे! आपल्याकडे ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये लिहिलेल्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त ही रीत दिली; मात्र ती ‘स्थूल’ म्हणजे ढोबळ आहे असे सांगून टाकले. तिच्या जोडीला त्याने एक ‘सूक्ष्म’ सूत्रही दिले. चारी बाजूंच्या बेरजेच्या निम्म्यातून एकेक बाजू वजा करायची, आलेल्या चार संख्यांचा गुणाकार करायचा आणि त्याचे वर्गमूळ काढायचे. हे सूत्र सुंदर आहे. पण धाकट्या भावाच्या शेताला ते लावून पाहा. बाजूंची निम्मी बेरीज ३३०, वजाबाक्या चारही १६५, आणि उत्तर पुन्हा २५ गुंठेच! कारण हे सूत्र चक्रीय चौकोनालाच, म्हणजे ज्याचे चारही कोपरे एका वर्तुळावर येतात अशा चौकोनालाच, लागू पडते. ओढ्याला अशा अटी माहीत नसतात.

जालना जिल्ह्याच्या उत्तर सीमेला जळगाव जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण नावाचे जुने ठिकाण आहे. पाटणादेवी म्हणून ते प्रसिद्ध आहे. १८६५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांना तिथे एक शिलालेख सापडला. देवगिरीच्या यादवांच्या दरबारातला ज्योतिषी चांगदेव याने आपले आजोबा भास्कराचार्य यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून मठ स्थापन केला आणि त्या मठाला १२०७ मध्ये दान मिळाले, अशी त्यात नोंद आहे. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, ‘सिद्धान्तशिरोमणी’ ११५० चा. जालना, देवगिरी आणि पाटण हा सारा मुलूख तेव्हा यादवांच्या अमलाखाली होता. म्हणजे ‘लीलावती’ शिकवण्यासाठी उभी राहिलेली ही पाठशाळा आमच्या या शेतकऱ्याच्या फार लांब नव्हती. फक्त आठशे वर्षे आधी भरत होती.

‘लीलावती’ म्हटले की आम्हा शिक्षकांना खांबावरचा मोर आणि बिळाकडे निघालेला साप आठवतो, वाऱ्याने मोडलेला वेळू आठवतो, तळ्यातले कमळ आठवते. पायथागोरसच्या प्रमेयावरची ही उदाहरणे गोड आहेत यात शंका नाही. पण साप नेमका कुठे पकडला जाईल हे आजवर कोणा शेतकऱ्याने आम्हाला विचारलेले नाही. त्याला लागणारे उदाहरण त्याच ग्रंथात थोडे पुढे आहे आणि ते क्वचितच शिकवले जाते.

ते उदाहरण समभुज चौकोनाचे आहे. प्रत्येक बाजू २५. क्षेत्रफळ किती? भास्कराचार्य एक उत्तर देत नाहीत, तीन देतात. कर्ण ३० आणि ४० असतील तर क्षेत्रफळ ६००. कर्ण १४ आणि ४८ असतील तर ३३६. आणि दोन्ही कर्ण सारखे असतील तर तो चौरस, म्हणून ६२५. बाजू त्याच, क्षेत्रे तीन. ब्रह्मगुप्ताचे सूत्र चौकोनाला नेमके लागत नाही, हे ते स्पष्ट नोंदवतात. चौकोनाचा एखादा कर्ण किंवा लंब सांगितल्याशिवाय जो निश्चित क्षेत्रफळ विचारतो त्याला ते चक्क ‘पिशाच’ म्हणतात, आणि जो अशा प्रश्नाचे उत्तर द्यायला बसतो त्यालाही त्याच पंगतीत बसवतात. एरवी सौम्य असणारा हा ग्रंथकार इथे इतका चिडलेला पाहून आम्हाला मौज वाटते. जमिनीच्या कज्ज्यांत असे प्रश्न त्यांच्यापुढे येत असतील काय, अशी कल्पना करण्याचा मोह होतो.

त्या तीन उत्तरांमागे प्रमेय कसे उभे आहे ते पाहू. समभुज चौकोनाचे कर्ण एकमेकांना काटकोनात दुभागतात. त्यामुळे चौकोनाचे चार सारखे काटकोन त्रिकोण होतात. कर्ण ३० व ४० असतील तर प्रत्येक त्रिकोणाच्या काटकोनाजवळच्या बाजू १५ आणि २०, आणि कर्ण २५. दुसऱ्या आकृतीत ७, २४ आणि २५. चौकोनाची बाजू ही त्या लहान त्रिकोणाचा कर्ण असते. (मराठीत काटकोनासमोरची बाजू आणि चौकोनाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांना जोडणारी रेषा, दोघींनाही आपण ‘कर्ण’च म्हणतो. मुलांचा इथे घोटाळा होतो खरा. पण आयताचा कर्ण काढला की तीच रेषा त्रिकोणाचा कर्ण होते, हे दाखवले म्हणजे शब्द एकच का आहे तेही कळते.) म्हणून समभुज चौकोनाच्या एका बाजूच्या वर्गाची चौपट ही दोन कर्णांच्या वर्गांच्या बेरजेइतकी असते. एक कर्ण मोजला की दुसरा मोजल्याशिवाय मिळतो, आणि क्षेत्रफळ म्हणजे कर्णांच्या गुणाकाराचे निम्मे.

हे मैदानावर करून पाहावे. शंभर फूट दोरीची टोके बांधून वेढा करा, दर पंचवीस फुटांवर गाठ मारा आणि चार गाठी चार मुलांच्या हाती द्या. दोरी ताणलेली ठेवून समोरासमोरच्या दोघांना एकमेकांपासून दूर जायला सांगा. त्यांच्यातले अंतर ४० फूट झाले की उरलेल्या दोघांतले ३० होते. ४८ झाले की १४. आणखी दोन फूट ओढले की चौघेही एका रेषेत येतात आणि आत जमीन उरतच नाही. दोरी मात्र तितकीच असते. आम्ही हे केले तेव्हा कागद घेऊन आलेले गृहस्थ मैदानाच्या कडेला उभे होते. दोरी मिटत चालली तसे ते पुढे सरकले आणि म्हणाले, "म्हणजे धुरा तोच, अन् रान गायब?"

दुसऱ्या दिवशी सकाळी टेप घेऊन त्यांच्या रानात गेलो. थोरले बंधूही आले होते. तिरक्या तुकड्याचा लांब कर्ण २९० फूट भरला. निम्मा १४५. आता १६५ चा वर्ग २७,२२५ आणि १४५ चा वर्ग २१,०२५. वजाबाकी ६,२००, तिचे वर्गमूळ पावणेएकोणऐंशीच्या जवळ. म्हणजे दुसरा कर्ण साडेसत्तावन्न कमी दोनशे पंधरा, असले काही नाही, सरळ १५७.५ फूट. क्षेत्रफळ सुमारे २२,८३५ चौरस फूट, म्हणजे २१ गुंठ्यांना किंचित कमी. चार गुंठे गेले होते, आणि चार गुंठ्यांना तीस किलोच्या दराने तीन किलो बियाणे लागते. तिफण निर्दोष सुटली.

सगळी शेते समभुज नसतात. चारी धुरे चार मापांचे असले तरी एक कर्ण मोजला की शेताचे दोन त्रिकोण होतात, आणि त्रिकोण तीन बाजूंनी पक्का होतो. त्याचा लंब काढण्याची ‘लीलावती’तली रीत आजच्या वर्गातही शिकवण्याजोगी आहे. भास्कराचार्यांचेच उदाहरण घेऊ. त्रिकोणाचा पाया १४, उरलेल्या बाजू १३ आणि १५. शिरोबिंदूतून पायावर लंब टाकला की पायाचे दोन तुकडे पडतात. त्यांना ‘आबाधा’ म्हणतात. लंब दोन्हीकडच्या काटकोन त्रिकोणांना सामाईक आहे. म्हणून १५ च्या वर्गातून मोठ्या आबाधेचा वर्ग वजा केला काय किंवा १३ च्या वर्गातून लहान आबाधेचा वर्ग वजा केला काय, उरते ते एकच. याचा अर्थ आबाधांच्या वर्गांतला फरक २२५ उणे १६९, म्हणजे ५६. आबाधांची बेरीज १४, म्हणून त्यांच्यातला फरक ४. झाले! आबाधा ९ आणि ५, लंब १२, क्षेत्रफळ ८४. प्रमेय दोनदा वापरले आणि काटकोन मोजायचे कोणतेही यंत्र लागले नाही. नुसती दोरी पुरली.

मात्र वर्गमुळे काढत बसणे सरकारी मोजणीला परवडणारे नव्हते. दख्खनमध्ये सारा बसवण्यासाठी जमीन मोजण्याचे प्रयत्न जुने आहेत. मलिक अंबरने ते केले, औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना दिवाण मुर्शिद कुलीखानानेही केले. शिवाजी महाराजांच्या राज्यात पाच हात पाच मुठींची काठी आणि वीस काठ्या औरसचौरस म्हणजे एक बिघा, असे माप होते. शेतागणिक नकाशा ठेवणारी पद्धत मात्र इंग्रजी अमदानीतली. मुंबई इलाख्यात १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी तिचा पाया घातला. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते. सालारजंग दिवाण असताना, १८७० च्या दशकात, त्या राज्यातही मोजणीचे खाते उभे राहिले आणि मराठवाड्यात मुंबईचाच कित्ता गिरवला गेला. मराठवाडा १९४८ मध्ये मुक्त झाला, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातून १९८१ मध्ये जालना वेगळा जिल्हा झाला, सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर आले. तरी रानातला माणूस बोलतो एकर-गुंठ्यांतच.

गुंठ्याला ३३ फूट कुठून आले? इंग्लंडमध्ये एडमंड गुंटर याने १६२० च्या सुमारास ६६ फुटांची साखळी प्रचारात आणली. तिच्या दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर. आपल्याकडच्या मोजणीने निम्मी, ३३ फुटांची साखळी घेतली आणि रुपयासारखे तिचे सोळा आणे केले. निम्म्या साखळीचा चौरस पाव होतो, म्हणून एकराचे गुंठे चाळीस. या साखळीच्या जोडीला असे तो ‘शंकू’. नाव शंकू असले तरी भूमितीतला शंकू नव्हे. काठीच्या डोक्यावर काटकोनात खाचा केलेले साधे उपकरण. एका खाचेतून पायारेषेवरची खूण पाहायची, दुसऱ्या खाचेतून शेताचा कोपरा. कोपरा दिसला की तिथून लंब मोजायचा. पायारेषा म्हणून बहुधा शेताच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची लांब रेषा सोयीची पडे, म्हणजे पुन्हा कर्णच. शेताचे काटकोन त्रिकोण आणि समलंब चौकोन होत, क्षेत्रफळ नुसत्या गुणाकाराने निघे. ही मापे ज्या कच्च्या आकृतीवर लिहीत ते ‘टिपण’. भूमी अभिलेख कार्यालयातली जुनी टिपणे हद्दीच्या वादात आजही काढून पाहिली जातात. आबाधेच्या रीतीत आपण लंब हिशेबाने काढतो. शंकूने तो डोळ्यांनी सापडतो. भास्कराचार्यांची अट, कर्ण सांगा किंवा लंब सांगा, टिपणाने दोन्ही सांगून पुरी केली.

आता शंकूच्या खाचा खरोखर काटकोनात आहेत की नाहीत, हे कसे ओळखायचे? इथे प्रमेय उलट बाजूने कामाला येते. पाठ्यपुस्तकात व्यत्यास म्हणून एक परिच्छेद असतो आणि परीक्षेला तो फारसा येत नाही. रानात मात्र जास्त काम त्याचेच. यज्ञवेदी आखण्यासाठी इसवी सनापूर्वी काही शतके रचलेल्या शुल्बसूत्रांत (शुल्ब म्हणजे दोरी) हेच केलेले आहे. आयताच्या कर्णावरचा चौरस दोन बाजूंवरच्या चौरसांच्या बेरजेइतका असतो हे बौधायनाने सांगितले, आणि आपस्तंबाने दोरीने काटकोन काढण्याची कृती दिली. पूर्व-पश्चिम ३६ मापांवर दोन खुंट्या. दोरी ३६ अधिक १८, म्हणजे ५४ मापांची. एका टोकापासून १५ मापांवर खूण. दोन्ही टोके खुंट्यांना बांधून खूण बाजूला ओढली की १५, ३६ आणि ३९ यांचा त्रिकोण होतो आणि जवळच्या खुंटीशी काटकोन. बाबिलोनियात याहूनही जुने उदाहरण आहे. इस्तंबूलच्या संग्रहालयातल्या एका मातीच्या फलकावर सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका शेताची मोजणी आहे. तिच्यात ५, १२, १३ आणि ८, १५, १७ अशा त्रिकुटांचे आयत वापरलेले आहेत, हे २०२१ मध्ये डॅनियल मॅन्सफील्ड या गणितज्ञाने दाखवून दिले. ते शेतही विक्रीच्या व्यवहारातले होते.

जालन्यात ही दोरी पाहायची तर मोसंबीची बाग आखताना पाहावी. अठरा-अठरा फुटांवर झाडे लावायची तर ओळी काटकोनात हव्यात. धुऱ्याला समांतर पहिली दोरी ताणतात आणि तीन-चार-पाचने दुसरी. गवंडी पायाची फक्की मारताना हेच करतो आणि ‘गुण्यात आहे’ म्हणतो. पण तीन, चार, पाच फुटांचा त्रिकोण घराच्या खोलीला ठीक, बागेला नव्हे. पाच फुटांच्या कर्णात एक इंच चूक झाली तर कोन सुमारे दोन अंशांनी चुकतो आणि तीनशे फूट लांबीच्या ओळीचे टोक दहा फूट सरकते. अर्धी ओळ शेजाऱ्याच्या बाजूने चालू लागते. त्याऐवजी ३०, ४०, ५० फूट घेतले आणि पन्नासात तीच एक इंच चूक झाली, तर तीनशे फुटांवर फरक फूटभरच पडतो. दोरी लांब घ्या, एवढे सांगितले तरी मुलांना चुकीचा हिशेब आवडीने करता येतो.

भोकरदन-जाफराबादकडच्या चढउताराच्या रानात आणखी एक शंका हमखास निघते. जमीन उतारावरून मोजायची की सपाटीत? नकाशा सपाटीतला असतो. शंभर फुटांत दहा फूट चढ असेल तर सपाटीतले अंतर १०,००० उणे १०० चे वर्गमूळ, म्हणजे ९९.५ फूट. अर्ध्या फुटासाठी भांडू नये असे आमचे मत आहे. तिरक्या धुऱ्याने जाणारे चार गुंठे त्याहून कितीतरी मोठे आहेत.

आता मोजणीखाते इलेक्ट्रॉनिक यंत्रे आणि उपग्रहाचे संकेत घेणारे रोव्हर वापरते. त्यांच्या आतही दोन बिंदूंमधले अंतर पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण फरकांच्या वर्गांची बेरीज करूनच निघते.

त्या सकाळी थोरल्या बंधूंनी आमच्या हिशेबावर विश्वास ठेवला नाही, आणि ते बरेच झाले. दुसरा कर्ण १५७.५ फूट यायला हवा असे आम्ही म्हणालो होतो. त्यांनी स्वतः टेप धरली आणि झुडपांतून वाट काढत समोरच्या कोपऱ्याला गेले. टेप १५८ वर थांबली. मग त्यांनी आपल्या तुकड्याचे कर्णही मोजायला लावले. एक २३६ भरला, दुसरा २३१ च्या आसपास. तोही पक्का चौरस नव्हता तर! पण हिशेब केला तेव्हा पंचवीस गुंठ्यांत कमी पडले ते सुमारे सात चौरस फूट, एका पोत्याखाली झाकेल एवढे. तुकडा किंचित कलला तर जमीन जवळजवळ जात नाही, जास्त कलला की झपाट्याने जाते. नजर फसते ती यामुळेच. थोरल्यांनी तो आकडा दोनदा विचारून घेतला आणि धाकट्याच्या कागदाच्या मागच्या बाजूला चारी कर्ण लिहून ठेवले. मोजणीचा अर्ज दोघांनी मिळून करायचे ठरले, तेव्हा शिबिराची घंटा होऊन पाऊण तास झाला होता.